लेन्सोमीटर शून्य दाखवतो म्हणून घेऊ नका

दुकानाचं डिपॉझिट, फर्निचर आणि फ्रेमचा पहिला माल एवढं झालं की नवीन ऑप्टिशियनच्या हातात फारसं काही उरत नाही. नेमक्या त्याच वेळी "अख्खा सेट लावून देतो, जपानी माल आहे, रिकंडिशन केलेला" म्हणणारा कुणीतरी भेटतो. मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका दुकानासाठी आम्ही असाच सेट ६५ हजारांना घेतला. त्यात काचेचा नंबर मोजणारा, आयपीसमधून बघायचा हाताचा लेन्सोमीटर, दोन बाहुल्यांमधलं अंतर (पीडी) मोजणारा प्युपिलोमीटर, काचेचा बाक मोजणारा लेन्स क्लॉक आणि डोळे तपासायच्या २६६ लेन्सचा ट्रायल सेट होता. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही. अशी फसवणूक करायला विशेष अक्कल लागत नाही, त्यामुळे तो एकटाच असेल असं समजू नका. ती ओळखायला जे लागतं ते मात्र प्रत्येक ऑप्टिशियनच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं.

चारपैकी ट्रायल सेट ठीक निघाला. बाकी तिन्ही वस्तूंत खोट होती आणि तिन्ही ठिकाणी ती अशा जागी होती की नेहमीच्या तपासणीत दिसू नये.

लेन्सोमीटरचा डेमो असा झाला. आकड्यांचा ड्रम शून्यावर आणला, आत टार्गेटच्या रेषा स्वच्छ दिसल्या. मग −१.०० ची लेन्स लावली, बरोबर. +२.०० लावली, बरोबर. −१.५० आणि −०.७५ सिलेंडर (एकाच दिशेत असलेला नंबर), तेही बरोबर, ॲक्सिससकट, म्हणजे त्याच्या दिशेच्या डिग्रीसकट. "आयपीस सेट केलंय, त्याला हात लावू नका" अशी प्रेमाची सूचनाही मिळाली. बिलावर फक्त "ऑप्टिकल इन्स्ट्रुमेंट, १ सेट" एवढंच. सीरियल नंबर नाही, मॉडेल नाही.

पुढचे काही दिवस सगळं सुरळीत चाललं, कारण दुकानात येणारं बहुतेक गिऱ्हाईक ±३ च्या आतलं असतं. भानगड जास्त नंबरवाल्यांपाशी सुरू झाली. जुन्या चष्म्याचाच नंबर हवा म्हणून आलेल्या एका गिऱ्हाइकाचा चष्मा मशीनवर −९.७५ निघाला. तशी ऑर्डर गेली. लॅबमधून आलेली लेन्स त्याच मशीनवर −१०.०० निघाली, म्हणून परत पाठवली. लॅबने उलट कळवलं की त्यांच्या मशीनवर ती −९.७५ च आहे. दुसरी जोडी आली, तीही इथे −१०.००. लॅबवाल्यांशी वाद घालून झाल्यावर जुना चष्मा दुसऱ्या दुकानातल्या ऑटो लेन्सोमीटरवर ठेवला, तर तो मुळात −९.५० होता. म्हणजे लॅब दोन्ही वेळा बरोबर होती आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर पाव नंबर जास्तीचा चढणार होता. चाळिशीच्या पुढच्या माणसाला मायनसमध्ये असा जादा पाव नंबर जवळचं वाचताना चांगलाच जाणवतो.

शून्य बरोबर, −२.०० बरोबर आणि −९.५० चुकीचा, हे कसं, ते नीट समजून घ्यायला हवं. सगळी मेख इथेच आहे.

हाताच्या लेन्सोमीटरमध्ये मागे प्रकाश, त्यापुढे सरकणारं टार्गेट, मग एक पक्की बसवलेली स्टँडर्ड लेन्स, तिच्यापुढे कोन, म्हणजे आपण चष्म्याची काच ज्यावर टेकवतो तो नळीचा तुकडा, आणि शेवटी दुर्बीण व आयपीस. ड्रम फिरवला की टार्गेट पुढेमागे सरकतं. ड्रमवरचे आकडे समान अंतरावर छापता येतात ते एकाच अटीवर: कोनाची कड स्टँडर्ड लेन्सच्या फोकसच्या प्रतलात नेमकी असली पाहिजे. काच त्या जागी टेकली तरच ड्रमवरचा नंबर खरा.

आमच्या मशीनचा मूळ कोन कधीतरी हरवला किंवा तुटला असणार. त्याच्या जागी लेथवर काढलेला, काळा रंग दिलेला पितळी तुकडा बसवला होता आणि तो अडीच मिलिमीटर आखूड होता. त्यामुळे काच स्टँडर्ड लेन्सच्या तेवढी जवळ टेकत होती. मशीन रिकामं असताना कोनाच्या उंचीचा काही संबंधच येत नाही, म्हणून शून्य अगदी अचूक. लेन्स लावल्यावर येणारी चूक मात्र नंबराच्या वर्गाप्रमाणे वाढते. ढोबळ हिशेब असा: डायॉप्टरमधला नंबर वर्ग करा आणि मीटरमधल्या अंतराने गुणा. अडीच मिलिमीटर म्हणजे ०.००२५. दोन नंबराला ४ गुणिले ०.००२५, म्हणजे एक शतांश, कुणाला दिसणार? सहा नंबराला ०.०९. दहा नंबराला १०० गुणिले ०.००२५, म्हणजे पूर्ण पाव डायॉप्टर. बाराला ०.३६. सहाच्या आतल्या साध्या सिंगल व्हिजन (एकाच नंबराच्या) लेन्सला आयएसओ मानक जेमतेम ±०.१२ ची सूट देतं, हे लक्षात घेतलं की सहा नंबरालाच हे मशीन पाऊण सूट एकटं खाऊन टाकतं हे कळेल.

डेमोत पाच नंबराच्या वरची एकही लेन्स का निघाली नाही, तेही मग कळतं.

मशीन घेण्याआधीच ही चूक पकडता येते. दोन लेन्स कायमच्या बाजूला काढून ठेवा, एक −१० च्या आसपासची आणि एक +१० च्या आसपासची, दोन्ही न कापलेल्या, साध्या सिंगल व्हिजन, सिलेंडर नसलेल्या. ज्याच्या मशीनवर तुमचा विश्वास आहे अशा ठिकाणी ऑटो लेन्सोमीटरवर, खोलगट बाजू कोनाकडे ठेवून, ०.०१ च्या स्टेपमध्ये मोजून घ्या आणि पाकिटावर आकडा लिहून टाका. कॅलिब्रेशनसाठीचे प्रमाणित लेन्ससेट मिळतात, ते असतील तर उत्तम, पण या दोन पाकिटांनीही काम होतं. खरेदीला जाताना ती खिशात हवीत.

आता मोजा. आधी आयपीस. तो पूर्ण बाहेर फिरवा, कोऱ्या कागदाकडे बघा आणि आतली जाळी पहिल्यांदा स्वच्छ दिसेल तिथेच थांबा. पुढे जाऊन परत मागे यायचं नाही, नाहीतर डोळा आपणच जोर लावून फोकस करतो आणि शून्य हलतं. "आयपीसला हात लावू नका" म्हणणारा माणूस हेच लपवत असतो: त्याने शून्य आयपीसवरून जुळवलेलं असतं, ड्रमवरून नव्हे. तुमच्या डोळ्याला आयपीस लावल्यावर शून्य ०.१२ ने सरकलं, तर ड्रमची रिंग हलवलेली आहे असं समजा. त्यानंतर ड्रम नेहमी प्लसकडून शून्याकडे आणा आणि रेषा स्वच्छ होतील तिथे वाचा.

आकडे मिळाल्यावर चुकीचा प्रकार बघायचा. शून्यापासून दहापर्यंत सगळीकडे सारखीच चूक असेल तर ती शून्याची, म्हणजे रिंगचा स्क्रू सैल करून जुळवता येते, आणि ती फार गंभीर नाही. नंबराच्या प्रमाणात वाढत असेल, पाचाला ०.१० आणि दहाला ०.२०, आणि प्लस-मायनस दोन्हींत नंबर त्याच पटीत फुगलेला किंवा आटलेला दिसत असेल, तर स्टँडर्ड लेन्स बदललेली आहे किंवा दुसऱ्याच मॉडेलचा ड्रम लावला आहे. त्या मशीनला हात जोडावेत. आणि चूक वर्गाप्रमाणे वाढत असेल व प्लस आणि मायनस दोन्ही एकाच बाजूला झुकत असतील, तर कोन चुकीचा. आमचं मशीन −१०.०० ला −१०.२५ आणि +१०.०० ला साधारण +९.७५ दाखवत होतं. दोन्ही मायनसकडे गेले, म्हणजे कोन आखूड. उलट दोन्ही प्लसकडे गेले असते तर कोन लांब.

हा प्रकार दुरुस्त होतो, त्यातल्या त्यात एवढंच समाधान. चूक भागिले नंबराचा वर्ग केलं की किती मीटर कमी ते निघतं, हजाराने गुणलं की मिलिमीटर. साकीनाक्याकडच्या कुठल्याही लेथवाल्याकडे कोनाखाली घालायला तेवढ्या जाडीची पितळी वॉशर काढून मिळते, फक्त तिच्या दोन्ही बाजू एकमेकांना समांतर हव्यात आणि मधलं छिद्र बरोबर मध्यावर. वॉशर तिरकी बसली तर काच तिरकी टेकते आणि नसलेला सिलेंडर दिसायला लागतो. बसवल्यावर पुन्हा दोन्ही पाकिटं मोजायची, त्याशिवाय गिऱ्हाइकाचा चष्मा त्यावर ठेवायचा नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. बंद पडून राहिलेल्या यंत्राच्या काचांवर बुरशी धरते. टॉर्च तिरका मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. विकणारे ती पुसून टाकतात, पण बुरशीने कोटिंग खाल्लेलं असतं आणि पुसताना काढलेली स्टँडर्ड लेन्स कधी उलटी बसवलेली असते. तसं झालं तर रेषांच्या कडा कुठल्याही नंबराला पूर्ण कापल्यासारख्या दिसत नाहीत. "बल्ब जुना आहे" असं उत्तर मिळतं. लॅमिंग्टन रोडवरून नवा बल्ब आणून लावला तरी त्या तशाच राहतात.

ॲक्सिस तपासायला काड्या काढलेली एक जुनी फ्रेम घ्या, जिच्यात सिलेंडरची काच आहे. फ्रेमच्या दोन्ही रिमचा तळ मशीनच्या टेबलावर टेकवून ॲक्सिस वाचा. मग फ्रेम पुढची मागे अशी पलटवा आणि तीच काच पुन्हा वाचा. दोन्ही आकड्यांची बेरीज १८० यायला हवी. ३० आला असेल तर पलटल्यावर १५०. बेरीज १८६ आली तर मशीन ३ डिग्रीने चुकतं, कारण चूक दोन्ही वेळा मिळवली जाते. टेबल वाकडं असणं हे जुन्या मशीनमध्ये इतकं सर्रास आढळतं की हे केल्याशिवाय पैसे काढूच नयेत. दोन किंवा तीन नंबरांच्या सिलेंडरला ३ डिग्री खूप होतात.

शाईचे तीन ठिपके उमटवणारा मार्करही बघा. −८ ची काच सेंटर करून ठिपके द्या, काच १८० डिग्री फिरवून पुन्हा सेंटर करून ठिपके द्या. मधला ठिपका पहिल्यावरच पडायला हवा. दोन मिलिमीटर बाजूला पडला तर मार्कर एक मिलिमीटर सरकलेला आहे, आणि आठ नंबराच्या काचेला एक मिलिमीटर म्हणजे ०.८ प्रिझम (काच चित्र किती बाजूला सरकवते त्याचं माप).

ऑटो लेन्सोमीटरमध्ये लपवायची जागा वेगळी असते. मेनूत स्टेप ०.२५ ठेवली की मशीन सगळं गोल करून दाखवतं आणि ०.१० ची चूक गायब होते. स्टेप ०.०१ करायला सांगा. टाळाटाळ झाली तर उठून या. ऑटो मशीन चालू करताना स्वतःच शून्य धरतं, त्यामुळे सुरुवातीचं शून्य हा कशाचाच पुरावा नाही. अर्धा तास चालू ठेवा, मग रिकामं असताना किती दाखवतं ते बघा, आणि नंतर पाकिटं लावा. त्याचाही कोन निघतो आणि त्याचीही उंची महत्त्वाची, हिशेब वर दिला तोच. मेनूत ई लाइन की डी लाइन (मोजणीला धरलेला प्रकाशाचा रंग) आणि ॲबे (काच रंग किती फाकवते त्याचा आकडा) किती ठेवलाय हेही पाहून घ्या, १.६७ इंडेक्सची काच साध्या सीआर ३९ प्लास्टिकच्या ॲबेवर मोजली तर जास्त नंबराला आकडे हलतात, आणि मग मशीन खराब की सेटिंग खराब हे कळत नाही.

प्युपिलोमीटरची गंमत लेन्सोमीटरसारखीच होती. एकूण पीडी प्रत्येकाची बरोबर येत होती. स्टील पट्टीने मोजलेली ६४, यंत्रावर ६४. पण उजवी ३०.५ आणि डावी ३३.५. पुढच्या माणसाची २९.५ आणि ३२.५. तिसऱ्याचीही तशीच. गावातल्या सगळ्यांचाच उजवा डोळा नाकाजवळ कसा असेल? नाकावर टेकायचा भाग तुटल्यावर कुणीतरी तो गमने परत चिकटवला होता, मध्यापासून दीड मिलिमीटर बाजूला. म्हणून एका डोळ्याचं दीड कमी, दुसऱ्याचं दीड जास्त, आणि बेरीज जिथल्या तिथे.

सिंगल व्हिजनवाल्यांची यावर तक्रार येत नाही. दोन्ही काचांचं सेंटर एकाच बाजूला सरकतं, दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर प्रिझमही एकाच दिशेला पडतं आणि डोळे ते सहन करतात. प्रोग्रेसिव्हला, म्हणजे एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असतो तिला, मात्र हे चालत नाही. तिथे प्रत्येक डोळ्याची वेगळी पीडी लागते आणि वाचायची पट्टी अरुंद असते. दीड मिलिमीटर सरकली की गिऱ्हाईक मान एका बाजूला वळवून वाचायला लागतं आणि दोष डिझाइनवर किंवा कंपनीवर जातो. महाग लेन्स बदलून दिली जाते, मोजमाप तेच राहतं, आणि दुसरी जोडीही तशीच येते.

याची तपासणी फुकट आहे. चार-पाच ओळखीच्या माणसांच्या दोन्ही डोळ्यांची पीडी वेगळी मोजा. सगळ्यांचा फरक एकाच बाजूला आणि जवळपास तेवढाच असेल तर दोष यंत्राचा. पट्टीने पडताळताना समोरच्याच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर बसा. त्याने उजव्या डोळ्याने तुमच्या डाव्या डोळ्यात बघायचं, तुम्ही उजवा मिटायचा आणि पट्टीचं शून्य बाहुलीवर आणायचं. मग पट्टी न हलवता तुमचा उजवा उघडून डावा मिटायचा, त्याने डाव्याने तुमच्या उजव्यात बघायचं, आणि आकडा वाचायचा. प्युपिलोमीटरवरचा अंतराचा खटका अनंतावरून जवळच्या खुणेवर फिरवल्यावर पीडी तीनेक मिलिमीटरने कमी यायला हवी. तेवढीच राहिली तर आतली लेन्स अडकलेली आहे आणि खटका नुसता फिरतोय. प्लास्टिकची पीडी पट्टीसुद्धा एकदा स्टीलच्या पट्टीला लावून बघा, स्वस्तातल्या छापील पट्ट्या बरोबर असतीलच असं नाही.

लेन्स क्लॉकबद्दल थोडक्यात. सपाट जाड काचेवर ठेवला तर काटा शून्यावर हवा. आमचा होता, पण ६ च्या बेसवर, म्हणजे ६ बाक असलेल्या काचेवर, साडेसहाच्या पुढे जात होता, कारण बाहेरच्या दोन टोकांपैकी एक घासून बोथट झालेलं होतं आणि डायल फिरवून शून्य जुळवलेलं होतं. म्हणून सपाट काच आणि ठरावीक बेसचा ब्लँक (न कापलेली काच), दोन्हींवर बघायचं. क्लॉकवरचे आकडे बहुधा १.५३ इंडेक्ससाठी असतात, १.६७ च्या काचेवर ४.०० दिसलं तर खरी पॉवर ५.०६ च्या आसपास, म्हणजे ०.६७ भागिले ०.५३ ने गुणायचं. हे न करता "क्लॉक चुकतोय" म्हणून फेकून देणारेही पाहिलेत. कोटिंगवर टोकं घासत नेऊ नका, ओरखडा कायमचा राहतो.

पैशांचं म्हणाल तर विकणाऱ्याने प्युपिलोमीटर परत घेतला, बाकीच्यावर "चेक करूनच नेलं होतं" हे उत्तर. इथे बिल आडवं आलं. बिलावर प्रत्येक वस्तूचं मॉडेल, सीरियल नंबर, नवीन की वापरलेली, आणि "±१० वर ±०.०६ च्या आत" असा अचूकतेचा आकडा लिहून घ्या. मशीनच्या पाटीवरचा सीरियल नंबर आणि आतल्या बॉडीवरचा नंबर जुळतो का बघा, नुसती पाटी नवीन चिकटवलेली असू शकते. टोकनचे पैसे यूपीआयने आधी टाकून मग मशीन बघायला जाण्याची घाई नको.

ग्राहक आयोगाचं (पूर्वीचा ग्राहक मंच) दार दुकानदाराला बंद असतं असं अनेकांना वाटतं. व्यवसायासाठी केलेली खरेदी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधून सहसा वगळली जाते, पण स्वतः काम करून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्यातून सुटते. एकट्याने दुकान चालवणारा ऑप्टिशियन त्या अटीत बसू शकतो. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि आधी १९१५ या हेल्पलाइनवर विचारता येतं. टोकन घेऊन माणूसच गायब झाला असेल तर तो ऑनलाइन फसवणुकीचा प्रकार, त्यासाठी १९३०, आणि तिथे फोन जितक्या लवकर तितकं बरं.

मशीन दुरुस्त झालं तरी त्यावर मोजून गेलेले चष्मे बाहेरच असतात. रजिस्टर काढा. ±६ च्या वरचे सगळे, जुन्या चष्म्यावरून नंबर काढलेले आधी. डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनवरून बनवलेले नंतर, कारण त्यांत ऑर्डरचा नंबर योग्य होता, फक्त तपासणीत योग्य लेन्स चूक ठरवून परत पाठवली गेली असू शकते. त्याच काळातले सगळे प्रोग्रेसिव्ह, नंबर कितीही असो. त्यांना फोन करून बोलवा, सुधारलेल्या मशीनवर चष्मा ठेवा, पट्टीने दोन्ही डोळ्यांची पीडी घ्या आणि लेन्सवरच्या खुणांशी ताडून बघा. फरक निघाला तर काच बदलून द्यायचा खर्च आपला. लॅबला परत पाठवलेल्या ज्या जोड्या बरोबर होत्या, त्यांचेही पैसे लॅबला देऊन टाकावेत, पुढच्या वेळी खरी तक्रार घेऊन जाल तेव्हा तिथे ऐकून घेतलं जाईल.